सरकीच्या कोठीचं दार

पारबता, शुक्रवारच्या फेरीच्या यादीत तुझं नाव अजून पहिलं आहे. तू जाऊन नऊ दिवस झाले. या शुक्रवारी मी पिशवी भरताना तुझ्या पायांच्या सुजेचं औषध आधी ठेवलं आणि तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले. माझ्यासारख्या बाईनं एवढं विसरावं म्हणजे हद्द झाली, असं तूच म्हणाली असतीस. नाव खोडायला मला दोन सेकंद लागतील. पण खोडण्याआधी जे बोलायचं राहिलं ते बोलून घेते. बारा वर्षं आपण दर शुक्रवारी बोललो, आणि नेमकं तेच बोललो नाही.

नागपूरला शिकून मी या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले, तेव्हा तू मला पहिल्या दिवशीच अरे-तुरे केलंस. मी तुला दोन वर्षं 'अहो पारबताबाई' म्हणत राहिले. तुला त्याचं हसू यायचं. कापसाच्या जिनातल्या बायांना तू माझी नक्कल करून दाखवायचीस, ती मी एकदा दाराआडून पाहिली. पदर खोचायचा, नाकावर नसलेला चष्मा सरकवायचा आणि हवेत बोटानं खुणा करत म्हणायचं, "एक झाली, दोन झाल्या, तिसरी कुठं गेली हो?" बाया कापसाच्या ढिगावर लोळून हसत होत्या. मीही हसले असते, पण तेव्हा मला राग आला.

तू जिनाची मुकादमीण. दसरा झाला की आजूबाजूच्या वाड्यांमधून चाळीसेक बाया जमवायच्या, सकाळी भोंग्याच्या आत त्यांना फाटकातून आत घालायच्या, सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यांवर कापूस लावायला बसवायच्या आणि संध्याकाळी तेवढ्याच बाहेर काढायच्या, हे तुझं काम. तुला अक्षर येत नव्हतं. कमरेला एक चिंध्यांची पिशवी असायची. सकाळी एक बाई आत गेली की पिशवीत एक सरकी टाकायची. संध्याकाळी एक बाहेर आली की एक सरकी काढून फेकायची. पिशवी रिकामी झाली की तू घरी जायचीस. मी विचारलं होतं, नावं नकोत का? तू म्हणालीस, "नाव कायले? मले तोंड माहीत हाय न."

ज्या वर्षीची गोष्ट सांगते आहे त्या थंडीत जिनात उंदीर मरून पडायला लागले. सरकीच्या पोत्यांमागे रोज दोन-चार सापडत. प्लेगचं सावट होतं, आणि ते किती लवकर गाव रिकामं करतं हे मी आधीच्या नोकरीत पाहिलं होतं. डॉक्टरसाहेबांना सांगून मी जिनाच्या मॅनेजरकडे गेले आणि माझी योजना मांडली. प्रत्येक बाईला टोचून घ्यायचं. टोचलं की माझ्या सहीची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नाही तर फाटकातून आत नाही. चिठ्ठ्यांची वही मी ठेवणार आणि पंधरा दिवसांनी येऊन तपासणार. मॅनेजर खूश झाला. त्यानं आपल्याकडून एक वाढवलं, की बिनचिठ्ठीची एक जरी सापडली तर सगळी टोळीच काढून दुसऱ्या मुकादमाची लावीन. ते मी ऐकलं आणि काही बोलले नाही. शिस्त लागेल असं मला वाटलं.

तू मला त्याच्या ओसरीवरच अडवलंस.

"बाई, टोचलं का दोन दिवस ताप येते. दोन दिवस बाई घरी राह्यली का तिची जागा दुसरी घेते. मंग?"

मी म्हटलं, प्लेग आला तर जागाही राहणार नाही आणि बाईही.

"हाव, ते खरं. पण बजाराच्या आदल्या रोजी टोच न. बजाराच्या दिवशी जिन बंदच राह्यते."

मी सांगितलं की लस बुलढाण्याहून मंगळवारी येते, बाजार रविवारी, आणि माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. पुढे ऐकून घ्यायलाही मी थांबले नाही. तुझं ते वाक्य मी त्या दिवशी वहीत टिपलं नाही. बाकी सगळं टिपलं होतं.

एकेचाळीस बायांनी टोचून घेतलं. तू त्यांना एकेक करून आणलंस, शिव्या देत आणलंस, पण आणलंस. माझ्या वहीत एकेचाळीस नावं झाली आणि प्रत्येकीपुढे माझी सही.

कौतिका त्यात नव्हती.

ती टेकडीखालच्या वाडीतली. अंगावर पिणारं पोर, त्याला सासूपाशी ठेवून यायची. टोचल्यावर ताप आला तर दूध आटेल ही तिची भीती. तू तिला नऊ दिवस माझ्या वहीबाहेर आत घेत होतीस, मागच्या अंगणातून, सरकीच्या कोठीच्या दारानं. हे मला नंतर कळलं. आग लागली त्या दिवशी दुपारी दोन वाजता माझी तपासणी ठरलेली होती, म्हणून तू तिला जेवणाच्या सुट्टीआधीच कोठीत पोत्यांआड बसवलंस. माझ्यापासून लपायला ती तिथे बसली होती. हे वाक्य मी बारा वर्षं कोणासमोर उच्चारलं नव्हतं.

भोंगा वेळेआधी वाजला आणि थांबेचना. मी दवाखान्यात होते. डॉक्टरसाहेब मेहकरला कोर्टात साक्षीला गेलेले. कंपाउंडरला सांगितलं, असतील तेवढी धोतरं फाडून उकळायला टाक, आणि पिशवी आणि वही घेऊन पळाले. वही का घेतली हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. हात आपोआप गेला.

रेच्यात खडा आला असावा. ठिणगी पडली आणि वरच्या वर आग धावली. कापसाची आग वरून पळते आणि आत धुमसत राहते, हे तू मला नंतर समजावलंस. त्या वेळी मला दिसलं ते इतकंच, की खिडक्यांतून धूर नव्हे तर पेटलेला पिंजलेला कापूस उडत बाहेर येत होता आणि बाया दारातून एकमेकींच्या अंगावरून बाहेर पडत होत्या. हमाल बाबूमिया आणि त्याचे चार सोबती ओल्या गोणपाटांनी लुगडी विझवत होते.

अंगणातल्या लिंबाखाली मी तीन रांगा केल्या. चालता-बोलता येतं त्या भिंतीकडे. भाजलं आहे पण वाचतील त्या सावलीत, माझ्यासमोर. आणि ज्यांना आता माझ्या हातून काही होणार नव्हतं त्या विहिरीच्या बाजूला. मला असंच शिकवलं होतं. तिथे उभं राहून करायची वेळ पहिल्यांदाच आली. तू आलीस, तुझ्या केसांची एक बाजू जळलेली. तू रांगा पाहिल्यास आणि लगेच ओळखलंस.

"विहिरीपाशी कोण पाह्यते?"

मी म्हटलं, आधी सावलीतल्या. त्या वाचतील.

"मी ते नाई इचारलं. तिकडं पाणी कोण पाजन?"

मी पुढची पट्टी उचलली. तू तांब्या घेऊन तिकडे जाऊन बसलीस. तिथे दोघी होत्या, नंतर पाच झाल्या. तू त्यांच्या ओठांवर पाणी सोडत होतीस आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून सरक्या काढून फेकत होतीस. बाहेर आलेली प्रत्येक, जिवंत असो नसो, एक सरकी. मला वाटलं तुझं डोकं फिरलं आहे.

दवाखान्यातलं मलम पहिल्या आठ बायांतच संपलं. तूच तिथून ओरडून सांगितलंस, की तेल्याच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणा आणि पानवाल्याकडून चुन्याची निवळी. दोन्ही मिळून फेटायची हे मला माहीत होतं, ती कुठे तयार मिळतील हे तुला माहीत होतं. त्या तेलानं किती जणींची कातडी वाचली हे मी मोजलं आहे, पण इथे लिहीत नाही. तो माझा आणि तुझा हिशेब आहे.

मी वहीत खुणा करत होते. हे थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकेकीला पाहून झालं की नावापुढे खूण, नाडी आणि वेळ. छातीला लावलेलं घड्याळ मी पट्टी बांधतानाही पाहत होते. एकेचाळीसाव्या नावापुढे खूण केली तेव्हा एक वाजून बारा मिनिटं झाली होती. मी वहीच्या तळाशी लिहिलं, 'पूर्ण'.

मॅनेजर माझ्याजवळ आला. त्यानं विचारलं, "बाई, सगळ्या निघाल्या? नक्की?"

"सगळ्या," मी म्हटलं.

लपवत नाही, तो शब्द उच्चारताना मला बरं वाटलं होतं. चारी बाजूंनी कण्हणं चाललेलं, आणि माझ्या हातात एक गोष्ट पुरी झालेली.

त्यानं हमालांना हाक मारली, की आता सरकीच्या कोठीचं दार बंद करा, बाहेरून लोखंडी आडणा टाका, वारा लागला तर सरकी पेटेल आणि गावापर्यंत जाईल. तो चुकीचं सांगत नव्हता. आत कोणी नसेल तर तसंच करायचं असतं. हमालांनी लोखंडी दार ओढलं आणि आडणा पडल्याचा आवाज झाला.

तू विहिरीपासून उठलीस.

"दार लावू नका बे. एक बाकी हाय."

मॅनेजर माझ्याकडे वळला. मी वही वर केली. "यादी पुरी आहे, पारबताबाई. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

तू तळहात पुढे केलास. त्यावर एक सरकी होती. "सकाळी बेचाळीस टाकल्या होत्या."

"कोण?" मी विचारलं. "नाव काय?"

तू मॅनेजरकडे पाहिलंस आणि गप्प झालीस.

तुझं ते गप्प राहणं मी इतक्या वेळा मनात फिरवलं आहे की आता ते मला तुझ्या बाजूनं दिसतं. नाव घेतलं तर टोळी जाते. भिंतीकडे बसलेल्या, सावलीतल्या, सगळ्यांची घरं त्या जिनावर. जळलेल्या बायांना उद्या फाटकाबाहेर उभं राहावं लागेल. आणि कौतिका कदाचित आधीच बाहेर पडली असेल, मागच्या अंगणातून वाडीकडे पळाली असेल. तू तशी आशा धरलीस. नाव न घेता दार उघडेल अशीही आशा धरलीस. "एक बाकी हाय," तू पुन्हा म्हणालीस. "बाई, माह्यं ऐक. उघडाले सांग." मॅनेजर म्हणाला, म्हातारीला धूर लागला आहे. त्यानं मला पुन्हा विचारलं, पुऱ्या आहेत ना? मी पुन्हा म्हटलं, पुऱ्या आहेत.

मग तू मला दंडाला धरून लिंबाच्या बुंध्यामागे ओढलंस आणि कानाशी म्हणालीस, "कौतिका. थे कोठीत हाय. चिठ्ठी नाई तिची."

इथून पुढचं तुला ठाऊक आहे. तू समोर उभी होतीस. तरी मी ते माझ्या तोंडून तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. तू नाव घेतल्यावर मी पळाले नाही. मी वही उघडली. पहिल्या पानापासून बोट फिरवत मी कौतिका शोधली. सापडली नाही. पान उलटून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. आणि तुला म्हटलं, "पण यादीत कौतिका नाहीच."

तू माझ्याकडे जे पाहिलंस, त्यात राग नव्हता. तेवढा वेळच तुझ्यापाशी नव्हता. तू पळालीस. आडणा तापून लाल व्हायच्या बेताला आलेला, तू तो उजव्या हातानं उचललास. हमाल ओरडले. बाबूमिया तुझ्यामागे गोणपाट घेऊन धावला आणि तुला ढकलून तोच आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ती होती. तिचं लुगडंसुद्धा जळलेलं नव्हतं. धुरानं तिला घेतलं होतं.

तिच्या पहिल्या नाडीपुढे मी वेळ लिहिली. एक वाजून एकोणीस मिनिटं.

श्वास होता, पण धुरानं आतून सोलवटल्यासारखा. मी तिला सावलीत घेतलं, माझ्यासमोर, आणि मला जे येत होतं ते सगळं केलं. दिवे लागायच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. तुझा हात मी बांधत होते आणि तू तिच्या उशाशी होतीस. तिनं पोराचं विचारलं नाही. ती माझ्याकडे पाहून घाबरली. आवाज नव्हता, ओठांवरून कळलं.

"माह्यं नाव सांगतलं का वं कोणी?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

ती अंधार पडायच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून सिव्हिल सर्जनसाहेबांची मोटार आली आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा छापील फॉर्म माझ्यापुढे आला. आपण दोघी दवाखान्याच्या मागच्या पडवीत भांडलो. मी म्हटलं, मी लिहिणार. तू म्हणालीस, लिहायचं नाही. बिनचिठ्ठीची आत होती हे कागदावर आलं तर टोळी जाईल.

मी म्हटलं, मग ती तिथे नव्हतीच असं होईल. आग लागली आणि कौतिका नावाची बाई त्यात नव्हतीच.

"वाडीले माहीत हाय," तू म्हणालीस. "माहेराले माहीत हाय. सरकारले कायले पाह्यजे?"

"मला पाहिजे."

"तुले पाह्यजे म्हणून चाळीस घरं बुडवतं का? आन् थे काय इचारून गेली ते तुह्याच कानानं ऐकलं न?"

मी लिहिलं नाही. फॉर्म एकेचाळीसावर बंद झाला. साहेबांनी माझ्या टापटिपीचं कौतुक केलं. वही चाळून म्हणाले, अशी नोंद जिल्ह्यात कोणी ठेवत नाही. तू दारात उभी होतीस, गळ्यात हात बांधलेला. मी मान खाली घातली. ते साहेबांना नम्रपणा वाटला असावा.

त्यानंतरचे दोन महिने मला दिवसांनी आठवत नाहीत, वाड्यांनी आठवतात. बाया दवाखान्यात यायला तयार नव्हत्या. पट्टी सोडताना जी आग होते तिला त्या भीत होत्या, आणि भाजलेल्या अंगाच्या वासाला घरचे. दोघी त्यातच गेल्या, कारण मी पोचेपर्यंत जखमा चिघळल्या होत्या. तेव्हा तू म्हणालीस, यादी कर, मी संग येतो. रोज एक वाडी. तू अंगणात आधी स्वतः बसायचीस, उजवा हात पुढे करायचीस, आणि मी सगळ्यांसमोर तुझी पट्टी सोडायचे. तू दात आवळून माझी थट्टा करायचीस, म्हणजे बायांना वाटावं की एवढंच तर असतं. "हळू वं बाई, हात हाय, भरताचं वांगं नाई." बाया हसायच्या, आणि मग एक जण पुढे सरकायची. त्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. त्या थट्टेची किंमत मला माहीत आहे, पारबता. मी पट्टी सोडत होते.

कौतिकाच्या सासूच्या घरीही आपण गेलो. पोराला कोणाच्या तरी शेळीचं दूध चाललं होतं आणि ते वाळत होतं. दुसऱ्या दिवशीपासून तुझ्या टोळीतल्या एका बाळंतिणीला तू सकाळ-संध्याकाळ त्या वाडीत पाठवलंस. मी त्याची नोंद केली, 'वजन वाढतं आहे'. आज तो मुलगा शाळेत जातो आणि मला पाहून पळतो, कारण माझ्या पिशवीत सुई असते.

मी एक गोष्ट केली, ती तुला सांगताना मला लाज वाटायची म्हणून घाईघाईनं सांगितली होती. पुढच्या दसऱ्याआधी मी मॅनेजरकडे जाऊन चिठ्ठीचा नियम काढून टाकला. लस मंगळवारी आली तरी ती शनिवारी संध्याकाळी टोचायची, काम सुटल्यावर, जिनाच्या फाटकात. रविवारी बाजार, जिन बंद, ताप घरी निघून जाईल. लस चार दिवस थंड ठेवायला मी मडकं आणि ओली वाळू ठरवली, आणि ते जमलं. म्हणजे आधीही जमलं असतं. तू ओसरीवर हेच म्हणाली होतीस. नियम निघाल्यावर तू सगळ्यांत आधी बाही वर केलीस आणि म्हणालीस, "पाह्यलं का, बाईनं यादीले पाय फोडले." तू इतकंच म्हणालीस. बाकीचं म्हणायचा तुला हक्क होता, तो तू कधी वापरला नाहीस.

आगीनंतर जिनाचा पहिला भोंगा वाजला आणि बाया फाटकाशी थबकल्या ती सकाळ मी विसरणार नाही. रेचे चालू झाले होते. एक पाऊल कोणी टाकेना. तू पिशवी सोडलीस आणि प्रत्येकीच्या तळहातावर एकेक सरकी ठेवलीस. आत जाताना तिनं ती आपल्या हातानं पिशवीत टाकायची, येताना आपल्या हातानं काढायची. मग तू सरकीच्या कोठीच्या दारात गोणपाट टाकून बसलीस. दार तुझ्या पाठीला टेकलेलं, उघडं. त्या हंगामात तू तिथेच जेवलीस. बाया आत गेल्या.

तेव्हापासून मीही दर शनिवारी फाटकात उभी राहून माझी वही आणि तुझी पिशवी जुळवायचे. तुझी मोजणी नेहमी एकानं जास्त भरायची. मी चिडवायचे, की मुकादमीणबाई, वय झालं, बोटं चुकतात. तू म्हणायचीस, "राहू दे." बारा वर्षं मी हे एका जास्तीच्या सरकीचं कोडं तुझ्या न शिकण्यावर ढकललं. माझ्याइतकं मोजणाऱ्या बाईला ते कळू नये.

शेवटच्या शुक्रवारी तुझा श्वास उथळ झाला होता. मी पाय चेपत होते. तू भिंतीकडे तोंड करून विचारलंस, "बाई, किती वेळ गेला होता वं?"

मी लगेच समजले. तरी म्हटलं, "कशाला?"

"दाराले."

मी म्हटलं, दोन मिनिटं. फार तर तीन. तू वळून माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. ते तेच आहे, फक्त पट्टा बदलला आहे.

"तू पाह्यलं होतं न."

"त्या गडबडीत बंद पडलं होतं," मी म्हटलं.

"हाव," तू म्हणालीस, आणि पुन्हा भिंतीकडे वळलीस. तुला पटलं नव्हतं. तू मला खोटं बोलू दिलंस. पुढच्या शुक्रवारी पहाटेच तू गेलीस.

सात मिनिटं, पारबता. एक वाजून बारा ते एक वाजून एकोणीस. तू नाव घेईपर्यंत चार गेली आणि मी वही चाळण्यात आणखी तीन. मी हे बारा वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू चार धरून बसली असतीस आणि माझी तीन विसरली असतीस. निदान मला तसं वाटून घ्यायला आवडतं. खरं कारण इतकं चांगलं नसेल. सांगितलं असतं तर माझी तीन मला मोठ्यानं म्हणावी लागली असती. आणि त्या आधीचं सगळं, चिठ्ठी, मंगळवार, दोन वाजताची तपासणी, ते कुठल्या मिनिटांत धरायचं हे मला अजून येत नाही.

तुझा दहावा उद्या आहे. आज शनिवार, म्हणून मी सकाळी फाटकात गेले. मुकादमीचं काम तुझी सून मंजुळा पाहते आहे. तुझी पिशवी तिच्या कमरेला होती. तिनं तुझ्यासारखंच केलं, एकेकीच्या हातावर सरकी, एकेक आत. माझ्या वहीत अठ्ठेचाळीस झाल्या. मंजुळानं पिशवी पदरात ओतली आणि मोजली, मग परत मोजली. घामाघूम झाली बिचारी, पहिलाच आठवडा.

"बाई, माह्या एकुणपन्नास भरून राह्यल्या. हे एक जुनी दिसते, काळी पडली. सासूबाईनं तळाशी शिवून ठेवली होती, टाका उसवला. काढून टाकू का?"

मी ती हातात घेतली. हलकी होती, आतून पोकळ झालेली.

"राहू दे," मी म्हटलं.

मी वही मिटली आणि तिला बाजूला घेतलं. रेचे सुरू व्हायला वेळ होता. सरकीच्या कोठीच्या दारात, तुझ्या गोणपाटावर आम्ही दोघी बसलो आणि मी तिला आधी नाव सांगितलं. मग टेकडीखालची वाडी, सासूपाशी ठेवलेलं पोर, आणि ती या पोत्यांआड का बसली होती ते. मिनिटंही सांगितली, सगळी. मंजुळानं मध्ये एकदाच विचारलं, "हे कोणाले सांगाचं नाई का, बाई?"

मी म्हटलं, तुझ्यानंतर जी पिशवी बांधेल तिला सांगायचं.

तिनं सुई मागितली. माझ्या पिशवीत असतेच. तिथेच बसून तिनं कौतिकाला पुन्हा तळाशी शिवून टाकलं, आणि भोंगा झाला.